स्वस्तातली करवत

"चालवणार कोण?" हार्डवेअरवाल्याने विचारलं.

"मी."

"तसं नाही काकू, घरात पुरुष माणूस कुणी..."

"पुरुष माणूस भिंतीवर फोटोत आहे. तो काही खाली उतरायचा नाही. तुम्ही खोका काढा."

त्याने खोका काढला, पण काउंटरवर ठेवल्यावर त्यावरचा हात काही उचलेना. खोक्यावर नारिंगी रंगाच्या चेनसॉचं चित्र होतं. कंपनीचं नाव असं, की मोठ्याने वाचायला जावं तर जीभ अडखळावी.

"खरं सांगू का काकू? दुकानातलं हे सगळ्यात स्वस्त मशीन. बॅटरीवरचं. रोजच्या कामाला टिकायचं नाही."

"रोज कोण कापतंय? वर्षातून चार फांद्या पडतात."

"मग चार फांद्यांसाठी विकत कशाला घ्यायचं? भाड्याने मिळतं की."

"भाड्याचं आणायला घराबाहेर पडावं लागतं. आणि फांदी पडली की मला घराबाहेर पडता येत नाही. आता बोला."

मग त्याने भिंतीवर टांगलेल्या पेट्रोलच्या मोठ्या मशीनकडे बोट दाखवलं. "मग एकदाच काय ते चांगलं घ्या."

"ते मला उचलायचं नाही. आणि उचललं तरी, वर्षभर कोपऱ्यात बसून राहणाऱ्यावर इतका खर्च मी का करू?"

मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक मध्येच म्हणालं, "बाई, स्वस्तातलं शेवटी महागातच पडतं बघा." फुकटचा सल्ला द्यायला लोकांचा हात फार सढळ. मी वळून त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो खिळे निवडायला लागला.

खोका घेऊन मी घरी आले. रागातच आले. पण तो राग काही दुकानातला नव्हता, घरून निघतानाच बरोबर घेऊन गेले होते.

त्याचं असं आहे. मुख्य रस्त्यापासून एक अरुंद वाट आत येते. तिच्या तोंडाशी भावोजींचं घर, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या धाकट्या भावाचं, आणि पार टोकाला माझं. मधल्या वाटेवर दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडं आहेत. दोघा भावांनी तरुणपणी हौसेने लावली. तेव्हा ती अंगठ्याएवढी होती. आता मान वर करून बघावं लागतं. आणि निलगिरीची रीत अशी की जरा जोराचा वारा सुटला, की काही न सांगता फांदी खाली टाकून मोकळी. ती पडते भावोजींच्या घराच्या आतल्या बाजूला. म्हणजे ते, त्यांची गाडी, त्यांचा दूधवाला, सगळे खुशाल जातात-येतात. अडते ती फक्त मी.

नवरा होता तोवर तो हातकरवत घेऊन बसायचा आणि शिट्टी वाजवत फांदी कापून काढायचा. तो गेला आणि मी भावोजींच्या ताब्यात गेले. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारी मोठी चेनसॉ आहे. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ती दाखवतात. "हात नाही लावायचा हं," असंही वर बजावतात. फांदी पडली की मी फोन करायचा. "भावोजी, वाट अडलीय." ते म्हणणार, "बघतो, वहिनी." त्या 'बघतो'ला किती दिवस लागतील ते त्यांच्या मनावर. मी पुन्हा फोन करायचा, जावेकडे निरोप ठेवायचा, नाकदुऱ्या काढायच्या. मग एक दिवस स्वारी बूट, हातमोजे घालून येणार, चहा निवायच्या आत फांदीचा फडशा पाडणार आणि नंतर माझ्या खुर्चीत तासभर बसून मला शहाणपणा शिकवणार. "एकटीने किती दिवस काढणार वहिनी? मुलाकडे जा. हे घर काही तुम्हाला झेपायचं नाही."

माणूस वाईट नाही. पण कुणी आपल्यासमोर हात जोडून उभं राहिलं की त्यांना बरं वाटतं, आणि मला हात जोडायचा आता वीट आला होता.

मागच्या वाऱ्याच्या दिवसांत कहर झाला. फांदी पडली, भावोजी 'बघतो' म्हणाले आणि कुठल्याशा लग्नाला निघून गेले. मी शिवणकाम करते. शाळेच्या गणवेशांचे ते दिवस. पोरांच्या आया फांदीच्या पलीकडे उभ्या, मी अलीकडे, आणि पानांवरून हात लांब करून एकेक गणवेश पोचवतेय. इस्त्री केलेला एक पांढरा शर्ट चिखलात पडला. त्या बाईने तो उचलला, झटकला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं.

हे सगळं भावोजींनीच परत आल्यावर माझ्या मुलाला रंगवून सांगितलं. मुलगा शहरात असतो, सातव्या मजल्यावर. त्याचा फोन आला.

"आई, तू आजारी पडली असतीस तर? डॉक्टर फांदीवरून उडी मारून आला असता का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथून त्याने धरलं ते सोडलंच नाही. पुढचे वाऱ्याचे दिवस येण्याआधी तुला इकडे आणतो, घर भाड्याने देतो, हेच टुमणं. मी 'बघू बघू' करत वेळ मारून नेली. पण या महिन्यात त्याने टेम्पो ठरवून टाकला आणि मला नुसता वार कळवला. रविवार.

"आणि माझं मशीन?" मी विचारलं.

"शिलाई मशीन? आई, इथे जागा कुठे आहे? खालच्या मजल्यावरचे तर खुर्ची सरकवली तरी वर येतात भांडायला. काढून टाक ते. आता आराम कर ना जरा."

आराम! आयुष्यभर मी माझ्या हाताने मिळवून खाल्लं, याच्या शाळेची फी त्याच मशीनवर भरली, आणि आता याच्या बैठकीतल्या सोफ्यावर बसून मी आराम करायचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडू नव्हतं ते, संताप होता. पण मुलगा प्रेमाने बोलत होता, हेही मला कळत होतं, त्यामुळे फोन आपटता येईना.

"तुझी अडचण काय आहे? वाट अडते, हीच ना?" मी म्हटलं. "ती मी मोकळी ठेवली तर?"

"कशी ठेवणार?"

"कशी का ठेवीना."

"बरं. रविवारी मी येईन तेव्हा वाट मोकळी असली, आणि ती मोकळी ठेवणं तुला एकटीला जमतंय हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तर टेम्पो परत पाठवीन. पण नाही जमलं, तर मग एक अक्षर बोलायचं नाही. बसायचं गाडीत."

"ठरलं," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात गेले. एवढ्यासाठी ती नारिंगी करवत.

खोका उघडेपर्यंत भावोजी दारात हजर. आमच्या वाटेवरून काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

"हे काय आणलंत वहिनी? हे तर खेळणं आहे. याने काकडी कापा." त्यांनी ते हातात घेऊन वजन केलं, नाक मुरडलं. "द्या इकडे, चेन बसवायची असते यावर. तुमचं काम नाही ते."

मी द्यायला नको होतं. पण माझ्या हातून ते गेलंसुद्धा. भावोजींनी माझ्याच ओट्यावर बसून झाकण खोललं, करवतीच्या लांब पट्टीवर चेन चढवली, ताण दिला, झाकण लावलं. मागच्या अंगणात एक जुना ओंडका होता, नवरा त्यावर बसून बूट पुसायचा. भावोजींनी त्यावर करवत टेकवली. घरघर झाली मोठी. ओंडक्यातून धूर निघायला लागला, जळका वास सुटला. त्यांनी जोर लावला तसा धूर वाढला. करवत उचलून बघितलं तर लाकडावर काळी रेघ. बाकी काही नाही.

"बघा!" त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. "सांगत होतो. स्वस्तातल्या मालाला धारच नसते. पैसे पाण्यात."

जाऊबाई कुंपणाशी उभी होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही नीट बसवलीत ना?"

"मी? इतकी वर्षं मशीन वापरतोय मी!"

संध्याकाळी मुलाचा फोन. त्याला सगळं आधीच पोचलं होतं. "जाऊ दे आई," तो म्हणाला. हळू आवाजात म्हणाला, आणि त्या हळू आवाजाने माझा जास्त जळफळाट झाला. "रविवारी सकाळी पोचतो मी. कपाट रिकामं करून ठेव."

दुसऱ्या दिवशी करवत परत द्यायला गेले. हार्डवेअरवाल्याने काळी पडलेली चेन बघितली आणि मान हलवली. वापरलेलं परत घेत नाही. खोका काखेत घेऊन तशीच घरी आले. येताना भावोजी बागेला पाणी घालत होते. पाइप हातात धरून हसले.

हाताला काम हवं म्हणून मशीनवर बसले. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींपैकी एक नुकतीच येऊन गेली होती. तिने एका पिशवीवर टीप मारायला घेतली होती ती तशीच टाकलेली. कापडावर सुईची भोकं, पण टाका एकही नाही. ही चूक मी डोळे मिटून ओळखते. नवीन शिकणारी प्रत्येक मुलगी ती एकदा तरी करतेच. सुई उलटी बसवायची, मग टीप पडत नाही म्हणून रडकुंडीला यायचं आणि म्हणायचं, "बाई, तुमचं मशीन बिघडलंय." मी प्रत्येकीला हेच सांगत आलेय की मशीनला शिव्या देण्याआधी सुई बघ. सुईला पुढची बाजू असते आणि मागची बाजू असते. फिरली की ती नुसती भोसकते, शिवत नाही.

मी सुई काढली, फिरवली, बसवली. टीप मारून बघितली. आणि मग माझे हात मशीनवरच थांबले.

उठले, करवत आणली, शिवणाच्या टेबलावर जुनं कापड अंथरून त्यावर ठेवली. बॅटरी काढून बाजूला केली. चष्मा पुसला. चेनचा एकेक दाता बोटाने चाचपला. प्रत्येक दात्याला एक टोकदार तोंड आणि एक गोल पाठ. करवतीच्या वरच्या कडेवरून चेन पुढे धावते, हे भावोजींनी चालवली तेव्हा मी बघितलं होतं. म्हणजे वरच्या कडेला तोंडं पुढे हवीत. इथे सगळ्यांची पाठ पुढे! सगळे दाते उलट्या दिशेने पळत होते आणि पाठीने लाकूड घासत होते. धूर निघेल नाहीतर काय होईल?

मी इतक्या मोठ्याने हसले की फोटोतल्या माणसालाही ऐकू गेलं असेल. इतकी वर्षं मशीन वापरणाऱ्या भावोजींनी त्यांच्या स्वतःच्या मशीनचं झाकण कधी उघडलंच नव्हतं. त्यांची चेन बदलायला, धार लावायला दुकानातली माणसं होती. ते फक्त दोरी ओढायचे आणि रुबाब करायचे.

चेन फिरवून बसवली. पट्टीपासून बोटाने किंचित उचलली जाईल इतकाच ताण ठेवला, शिलाई मशीनच्या पट्ट्याला ठेवतो तसा. ओंडक्यावर टेकवली. या वेळी धूर नाही. भुशाचे पांढरे तुकडे माझ्या चपलांवर उडाले, आणि बघता बघता ओंडक्याचे दोन भाग झाले. मी तिथेच त्या अर्ध्या ओंडक्यावर बसले. तसा आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

मग शनिवारपर्यंत रोज दुपारी मी मागच्या अंगणात. नवऱ्याच्या जुन्या जीनच्या पँटी कापून पदरावर पदर चढवत एक जाड एप्रन शिवला, मांड्यांवरून पार नडग्यांपर्यंत येणारा. डोळ्यांवर त्याचाच गॉगल. आणि करवतीची कुंडली मांडली. स्वस्त ती स्वस्तच, खोटं कशाला बोलू? ठेवलेल्या जागी तेल गाळते, म्हणून खाली फडकं लागतं. झाकणाची प्लॅस्टिकची कळ जरा जोरात आवळली तर तडकेल अशी. बॅटरी तर बोलता बोलता संपते. पण संपेपर्यंत कापते. लाकूड दोन विटांवर ठेवून वरूनच कापत गेलं, तर चीर मिटते आणि करवत आत अडकून बसते, हेही कळलं. थोडं वरून कापायचं, मग खालून. एकदा कळलं की मग त्यात काही नाही.

जाऊबाई एकदा आवाज ऐकून मागच्या दाराने आली. भुसा बघितला, माझा अवतार बघितला.

"कापते?"

"कापते."

"यांना सांगू?"

"तुमची मर्जी."

"मी कशाला सांगते!" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसत परत गेली.

शनिवारी रात्री वारा सुटला. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत होते. पहाटे कडाड् असा आवाज झाला आणि जमीन हादरली. वीज गेली. उजाडल्यावर दार उघडून बघितलं तर फांदी नाही, अख्खं झाड आडवं. वाटेच्या एका कडेच्या दगडी बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत पसरलेलं, खोड माझ्या मांडीएवढं जाड. फांद्यांची तयारी केली होती मी, झाडाची नाही. आणि बॅटरी एकच. भरलेली होती, पण एकच.

मी एप्रन बांधत होते तेवढ्यात पलीकडून टेम्पोचा हॉर्न वाजला. मुलगा खाली उतरला. झाड बघून त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"आई! ठीक आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"आई, हे बघ..." त्याने झाडाकडे हात केला. ठरल्याप्रमाणे त्याने बाजी मारली होती. टेम्पोवाला खाली उतरून दोरखंड सोडायला लागला, कपाटं बांधायला आणलेले.

तेवढ्यात भावोजी आले. बूट, हातमोजे, खांद्यावर मोठी चेनसॉ. "काळजी करू नकोस रे. आत्ता वाट करून देतो. मग वहिनींचं सामान आरामात काढू." त्यांनी मशीन जमिनीवर ठेवलं, बुटाने दाबलं, दोरी ओढली. फुर्र. पुन्हा ओढली. फुर्र. बटणं बघितली, प्लगची टोपी काढून फुंकर मारली, पुन्हा ओढली. त्यांचा चेहरा लाल झाला. टाकीचं झाकण उघडलं तसा वास झाडाच्या अलीकडे माझ्यापर्यंत आला, आंबट, रोगणासारखा. मागच्या मोसमापासून टाकीत पडून पडून पेट्रोलचा काढा झाला होता.

"कालपर्यंत बरी होती," भावोजी म्हणाले.

"काल कुठे काढली होतीत?" मागून जाऊबाई म्हणाली.

मी गॉगल चढवला आणि करवत सुरू केली.

तिचा आवाज ऐकून सगळ्यांनी वळून बघितलं. आधी मी माझ्या बाजूच्या बारीक फांद्या उडवल्या, उभं राहायला जागा होईल इतक्याच. बॅटरी जपायची होती. मग खोडाकडे आले. पहिली चीर वरून घेतली, थोडीच, आणि करवत काढून खालून लावली. ती मागे ढकलते, ते मला माहीत होतं. पाय रोवून उभी राहिले. भुसा एप्रनवर, गॉगलवर, तोंडात. निलगिरीच्या वासाने नाक झोंबत होतं.

"वहिनी, वरून कापा! वरून!" भावोजी पलीकडून ओरडले.

"वरून कापलं तर अडकेल. दोन्हीकडून टेकलंय ते. तुमच्याकडे पहार आहे ना? ती लावा खालून आणि खोड जरा उचलून धरा."

"मी?"

"मग कोण? मशीन तर चालत नाहीये तुमचं."

ते इकडेतिकडे बघायला लागले. मुलगाच पळत जाऊन पहार घेऊन आला. भावोजींनी ती बांधावर टेकवून खोडाखाली घातली आणि भार दिला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या सांगण्यावरून काहीतरी करत होते, आणि मला ते आवडलं, हे मी लपवणार नाही. चीर उघडली, खोड कडकडलं, आणि एका बाजूने तुटून खाली बसलं.

आता दुसरी चीर. तेवढी झाली की मधला तुकडा लोटून दिला, वाट मोकळी. मी सरकून खोडाच्या दुसऱ्या टोकाला गेले. निम्मं कापलं. निम्म्याच्या पुढे गेले. चार बोटं राहिली असतील, आणि करवतीचा आवाज बारीक झाला. मग कुईं केलं आणि बंद पडली.

भावोजींनी पहारेवरचा हात काढला आणि लांब श्वास घेतला. "शेवटी स्वस्तातलं ते—"

"थांबा," मी म्हटलं.

घरात गेले. दाराच्या मागे खुंटीला नवऱ्याची हातकरवत होती. ती आणली आणि खोडावरून हात लांब करून मुलाच्या पुढे धरली. त्याच वाटेवर मी गणवेश धरले होते तशीच.

"घे. चार बोटं राहिलंय. एवढं तू काप."

"मी?"

"तुझा बाप शिट्टी वाजवत कापायचा. तुला शिट्टी नाही आली तरी चालेल."

त्याने करवत घेतली. शर्टाच्या बाह्या वर केल्या. सातव्या मजल्यावरचा हात तो, धापा टाकायला लागला, मध्येच करवत वाकली, पुन्हा सरळ केली. पण सोडलं नाही. शेवटी खोड तुटलं, आणि मी, तो आणि टेम्पोवाला, तिघांनी मिळून मधला तुकडा बाजूला लोटला. वाट उघडी झाली.

मुलगा तळहाताकडे बघत उभा होता. फोड आला होता. भावोजी माझी करवत हातात घेऊन उलटसुलट करून बघत होते.

"त्या दिवशी तर ही कापत नव्हती," ते म्हणाले.

क्षणभर वाटलं, सोडून द्यावं. मग म्हटलं, का सोडायचं? याच्याच पायी मला कपाट रिकामं करायला सांगितलं होतं.

"त्या दिवशी तुम्ही चेन उलटी बसवली होती, भावोजी. दाते मागे तोंड करून होते."

जाऊबाई खो खो हसली. भावोजींनी आधी तिच्याकडे बघितलं, मग दात्यांकडे, बोटाने एक चाचपून बघितला. मग म्हणाले, "पेट्रोल काढून ठेवायला हवं होतं मी." आणि करवत हलकेच खाली ठेवली. एवढं बोलायला त्यांना काय पडलं असेल ते मला कळलं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

मुलगा जवळ आला. "आई, हे ठीक आहे, पण दर वेळी असं... तुझं वय..."

"ठरलं काय होतं आपलं?"

"वाट मोकळी ठेवणं तुला एकटीला जमलं तर."

"हां. एकटीला नाही जमलं," मी म्हटलं. "पहार भावोजींनी धरली, शेवटचं तू कापलंस. पण फोन करून हात कुणासमोर जोडले नाहीत मी. सुरुवात मी केली आणि तुम्हाला कामाला लावलं. अख्खं झाड पडलं असतं तर तुझ्या बापाने तरी दुसरं काय केलं असतं? आता तुझ्या डोळ्यांना काय दिसलं ते सांग, आणि खरं सांग."

त्याने वाटेकडे बघितलं, माझ्या घराच्या दाराकडे बघितलं. खिडकीतून आतलं शिलाई मशीन दिसत होतं, त्याच्यावर अर्धवट शिवलेला कुणाचा तरी पडदा.

"आणि एक ऐक," मी म्हटलं. माझा आवाज कापत होता आणि मी तो कापू दिला. "ही वाट मी निघून जाण्यासाठी मोकळी केली नाही. तुला घरी येता यावं म्हणून केली."

तो माझ्या एप्रनकडे बघत राहिला. बापाच्या पँटी ओळखल्या असाव्यात त्याने. गुडघ्यावरचं ठिगळ मीच लावलेलं होतं, ते जसंच्या तसं समोर आलं होतं.

टेम्पोवाल्याने विचारलं, "साहेब, सामान काढायचं ना?"

मुलाने बाजूला लोटलेल्या ओंडक्याला हात घातला. मग म्हणाला, "सामान नाही. हा ओंडका उचलू लागा जरा."

"म्हणजे टेम्पो रिकामा न्यायचा?"

"रिकामा कशाला?" मी म्हटलं. "लाकडं भरा."

जे दोरखंड माझं कपाट बांधायला आणले होते, त्यांनी निलगिरीचे ओंडके बांधले. भावोजींनीही हात लावला, हातमोजे न घालता. वाट झाडून झाली तेव्हा वीज आली होती. सगळ्यांसाठी चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत आधी बॅटरी चार्जिंगला लावली. वारा अजून पुरता पडला नव्हता.